मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडी अचानक जागची हलेना, गिअरबॉक्स उघडू द्यावा का?

अर्धा_घाट
२००९ ची पेट्रोल सेडान, ऑटोमॅटिक. काल संध्याकाळी साताऱ्यात सिग्नलला थांबलो, एन (न्यूट्रल) मध्ये टाकली. हिरवा झाल्यावर डी (पुढे जायचा) मध्ये टाकली तर गाडी हलेना. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं. आर (रिव्हर्स) मध्येही तेच. आधी धक्के नाहीत, आवाज नाही, काहीच नाही. गॅरेजवाला दोन मिनिटांत म्हणाला, गिअरबॉक्स गेला, उतरवून ओव्हरहॉल, १ लाख ४० हजार. दुपारपर्यंत कळवायचंय. करू का? कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, धागा त्या वादात जाईल.

दहाचा_पाना
कंपनी नका सांगू, पण गिअरबॉक्सचा प्रकार तरी सांगा. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा), सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा) की एएमटी (साधाच गिअरबॉक्स, क्लच-गिअर यंत्र बदलतं)? किती किलोमीटर? तेलाची पातळी, रंग, वास? स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला का, आणि कोणता? गेल्या महिन्याभरात बोनेटखाली काही काम झालंय का? यातलं एकही लिहिलेलं नाही.

निवांत_लेन
२००९ च्या गाडीत एएमटी कुठून येणार? आपल्याकडे ती २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आली.

तेलपाणी
हे तेलाचंच दुखणं आहे. जुन्या ऑटोमॅटिकचं तेल कोणी बदलत नाही, क्लच प्लेटा जळतात. मशीन लावून पूर्ण फ्लश करा, ८-९ लिटर नवं तेल लागेल. ओव्हरहॉलच्या आधी हा खर्च करून बघाच.

अर्धा_घाट
टॉर्क कन्व्हर्टर, ४ स्पीड. १ लाख १८ हजार किमी. तेल गॅरेजवाल्याने पाहिलं, तपकिरी आहे म्हणाला. स्कॅनर माझ्याकडचा ब्लूटूथवाला, एकही कोड नाही. आता सांगा, उघडू का?

दहाचा_पाना
अजून नको. आणि @तेलपाणी, क्लच जळले असते तर आधी लक्षणं दिसली असती: गिअर बदलताना रेस चढणं, डी मध्ये टाकल्यावर गाडीने दोन-तीन सेकंद घेणं, चढाला घसरणं. शिवाय अशा बहुतेक गिअरबॉक्समध्ये पुढे जायचा क्लच वेगळा, मागे जायचा वेगळा. दोन्ही एकाच सिग्नलला, एकाच क्षणी जळत नाहीत. डी आणि आर एकदम गेले की दोन्हींना सामाईक असलेलंच शोधायचं. तेल आणि पंप, टॉर्क कन्व्हर्टर, गाडीतल्या लीव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल, आणि गिअरबॉक्सच्या बाहेर एक्सल (चाकांना ताकद नेणारे दांडे, म्हणजेच ड्राइव्ह शाफ्ट). या चारांपैकी दोन गोष्टी गिअरबॉक्स न उतरवता तासाभरात तपासता येतात.

१ लाख १८ हजारला तेल तपकिरी असणं वयाचं आहे. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर काळजी. गुलाबी, फेसाळ, दुधासारखं असेल तर रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटून कूलंट तेलात गेलंय, मग इंजिन सुरूच करू नका. रंग कळला, पातळी किती होती? पंपाला तेलच मिळत नसेल तर नेमकी हीच लक्षणं येतात. गाडीखाली डाग आहे का बघा, विशेषतः कूलरच्या रबरी नळ्यांच्या टोकाशी.

तेलपाणी
पातळी इंजिन बंद करून बघायची हे लक्षात ठेवा.

एक्सलवाला
चूक. इंजिन चालू, तेल तापलेलं, लीव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पी (पार्किंग) मध्ये, मग तेलाची मापपट्टी बाहेर.

दहाचा_पाना
दोघांचंही आपापल्या गाडीपुरतं बरोबर आहे. बहुतेक कंपन्यांचं माप इंजिन चालू ठेवून असतं. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं असतं. उलट पद्धतीने बघितलं की पातळी चुकीची दिसते आणि लोक तेल जास्त ओततात. जास्तीचं तेल घुसळून फेस होतो आणि पुन्हा तेलाचा दाब जातो. गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच करा.

ब्लूटूथवालं स्वस्त यंत्र बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतं. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी बोलणारा स्कॅनर लावायला सांगा. पी ०७०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी नोंद आहे, खरी नोंद आत जाऊन वाचावी लागते. कोड नसणं हीसुद्धा माहिती आहे. सेन्सर किंवा सोलेनॉइड (तेलाची वाट उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बिघडला असता तर गाडी बहुधा एकाच गिअरमध्ये अडकून हळू का होईना चालली असती.

एक्सलवाला
माझा संशय ड्राइव्ह शाफ्टवर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एका बाजूचा शाफ्ट तुटला किंवा आतला जॉइंट निसटला की डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळी ताकद तुटलेल्या बाजूला सोडून देतं, दुसरं चाक ढिम्म. दोन प्रश्न: डी मध्ये रेस दिल्यावर स्पीडोमीटरचा काटा हलतो का? आणि पी मध्ये टाकून हँडब्रेक सोडला तर गाडी सरकते का?

सर्किट_बोर्ड
स्टॉल टेस्ट करा ना सरळ. ब्रेक पूर्ण दाबून डी मध्ये पूर्ण रेस, पाच सेकंदांच्या वर नाही, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती ते बघा. जास्त आला तर क्लच घसरतोय.

दहाचा_पाना
आत्ता अजिबात नको. तेलाची पातळी माहीत नाही, गाडी ताकद घेतच नाही. आरपीएम वर पळणार हे आधीच ठाऊक आहे, त्यातून नवं काही कळणार नाही, आतल्या भागांना इजा मात्र होऊ शकते. ही चाचणी चालणाऱ्या पण घसरणाऱ्या गाडीसाठी आहे.

निवांत_लेन
साताऱ्याहून पुण्याला आणणार असाल तर खंबाटकी उतरताना डी मध्ये राहू नका. २ किंवा एल (खालचे गिअर) लावा, ब्रेक तापत नाहीत.

अर्धा_घाट
गाडी चालत नाहीये हो! काटा शून्यावरच. आणि पी मध्ये सरकते, रात्रीपासून मागच्या चाकाला दगड लावलाय. महिन्याभरात काम फक्त बॅटरीचं, गेल्या रविवारी नवी बसवली. तिचा इथे काय संबंध?

एक्सलवाला
काटा हलत नाही म्हणजे माझा एक्सल जवळपास बाद. काट्याला वेग गिअरबॉक्सऐवजी चाकांवरच्या एबीएस सेन्सरवरून देणाऱ्या गाड्या असतात, म्हणून जवळपास.

दहाचा_पाना
बॅटरीचाच संबंध असेल. किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, ब्रेक दाबून लीव्हर पी पासून डी पर्यंत सावकाश न्या आणि मीटरमधलं अक्षर बघा. लीव्हरजवळच्या पट्टीवरचं नाही, मीटरमधलं. ते अक्षर गिअरबॉक्सवरच्या स्विचकडून येतं, गिअरबॉक्स खरोखर कशात आहे ते तेच सांगतं. आर मध्ये मागचा पांढरा दिवा लागतो का तेही कुणाला तरी बघायला सांगा.

अर्धा_घाट
मीटरमध्ये कायम एन. पी मध्येही एन, आर मध्येही एन. पांढरा दिवा नाही लागत.

दहाचा_पाना
मग गिअरबॉक्स तुमचं ऐकतच नाहीये, गेलेला नाही. सिग्नलला तुम्ही एन मध्ये टाकली, तिथेच केबल सुटली. म्हणून डी नाही, आर नाही आणि पी चा खटकाही आत बसत नाही.

हँडब्रेक ओढा, दगड राहू द्या, किल्ली काढून घ्या. बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढला की गिअरबॉक्सच्या माथ्यावर बोटाएवढा लोखंडी लीव्हर दिसतो. केबलचं टोक त्यावर पिनने आणि क्लिपने, किंवा दाबून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या बुशाने (छोट्या कडीने) अडकतं. पंधरा वर्षांच्या उष्णतेने तो बुश बिस्किटासारखा होतो. ट्रे काढता-घालताना केबलला हिसका बसला की तडकतो आणि आठवड्याभरात निसटतो.

अर्धा_घाट
टोक बाहेर लोंबतंय. बुशाचे दोन तुकडे खाली ट्रेवर पडलेत. तारेने बांधून पुण्यापर्यंत आणू का?

दहाचा_पाना
नाही. घाटात डी मध्ये असताना सुटली तर गाडी डी मध्येच राहील, थांबल्यावर लीव्हर पी दाखवेल पण पी लागलेला नसेल. बुश काही कंपन्या सुटा देत नाहीत, पूर्ण केबलच घ्यावी लागते. स्पेअर पार्टच्या दुकानात जुन्या टोकाची पिन आणि भोक मोजून न्या, सुटा बुश जुळू शकतो. तोवर गाडी हलवायची असेल तर फ्लॅटबेड (गाडी पाठीवर नेणारा ट्रक), किंवा पुढची चाकं उचलून. ढकलून सुरू करायचा प्रयत्न नको.

बसवताना सेटिंग करा: गिअरबॉक्सवरचा लीव्हर पी च्या टोकाला पूर्ण न्या, तिथून दोन खटके मागे, तो एन. गाडीतला लीव्हरही एन वर ठेवा, मग टोक बसवून नट आवळा. नंतर इंजिन फक्त पी आणि एन मध्येच सुरू होतं ना, आर मध्ये पांढरा दिवा लागतो ना आणि उतारावर पी गाडी धरतो ना, हे तिन्ही बघितल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

तेलपाणी
तरी तेल बदलाच. फ्लश.

दहाचा_पाना
तेल बदला, फ्लश नको. दाबाने सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेल वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकतो. चेंबरमधून (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या ट्रेमधून) ३-४ लिटर निघेल, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेवढंच नवं घाला, पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच, आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. चेंबर उघडला तर चुंबक बघा. करडी, मऊ राख चालते. टोचणारे तुकडे दिसले तर फोटो इथे टाका.

अर्धा_घाट
गॅरेजला नाही कळवलं. राजवाड्याजवळच्या दुकानात बुश घेऊन निघालोय, पिन ८ मिमी भरली.