फिनलंडमधील लोकांचे अबोलपण : यूहान्नुस या उन्हाळी सणाला पाहुणे म्हणून जाताना कसे वागावे?

वाटसरू :
नमस्कार. गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता मुलाकडे टाम्पेरे येथे राहून आलो आणि जाताजाता हेलसिंकीही पाहिले. संसदभवनासमोर २०१८ साली उघडलेल्या ओदी ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्याखाली शिवणयंत्रे मांडलेली आहेत. तेथे एक वृद्ध गृहस्थ शांतपणे पडद्याची कड दुमडून शिवत होते आणि कोणीही त्यांना काय, कशासाठी असे विचारत नव्हते. जंगलात लिंगनबेरी वेचणारी कुटुंबे भेटली. जमीन दुसऱ्याची असली तरी रानफळे आणि अळंबी वेचण्याची मुभा तेथे सर्वांना आहे, आणि कोणाच्या घराच्या अंगणाजवळ मात्र कोणी फिरकत नाही, हे पाहून मन भरून आले. परंतु मुलाच्या इमारतीतील शेजारी जिन्यात समोरासमोर आले तरी मान किंचित हलवून निघून जात, त्यापुढे एक शब्द नाही. येत्या जूनमध्ये मुलाच्या फिनिश सहकाऱ्याने आम्हाला यूहान्नुसच्या सणाला तळ्याकाठच्या त्यांच्या उन्हाळी घरी मुक्कामाला बोलावले आहे. हे अबोलपण परकेपणातून येते की तो स्वभावच आहे? एकाच घरात दिवसभर वावरताना काय बोलावे, काय टाळावे?

एस्पोकर :
ताई, आधी त्या निमंत्रणाचे मोल सांगतो. यूहान्नुसला हेलसिंकी, टाम्पेरेसारखी शहरे ओस पडतात, कारण जो तो आपल्या माणसांसह तळ्याकाठच्या घरी जातो. अशा दिवशी ज्यांनी तुम्हाला बोलावले, त्यांनी तुम्हाला जवळचे मानले आहे. ते तोंडाने तसे म्हणणार नाहीत, एवढेच.

माझ्या कचेरीतील अनुभवावरून सांगतो की, येथे समोरच्याचे वाक्य पूर्ण झाल्यावरही क्षणभर थांबण्याची रीत आहे. आपण तो क्षण रिकामा समजून लगेच दुसरा विषय काढतो, आणि जो माणूस उत्तराची जुळवाजुळव करत होता त्याचे बोलणे राहूनच जाते. आपण थांबायला शिकलो की तेच लोक मोकळेपणाने, कधी कधी बराच वेळ बोलतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. जिन्यातील शेजाऱ्याचेही तसेच आहे : तुमच्या वाटेत, तुमच्या विचारात विनाकारण शिरायचे नाही, ही त्याची सभ्यता आहे. पगार, मूलबाळ का नाही, लग्न कधी, असे प्रश्न मात्र कटाक्षाने टाळा. जंगल, मासेमारी, नातवंडे, आपल्याकडचा पाऊस, हे विषय चांगले चालतात. वेळेवर पोहोचा, पादत्राणे दारात काढा (हे आपल्याला शिकवावे लागत नाही) आणि सोबत चांगल्या कॉफीचे पाकीट न्या. दरडोई कॉफी पिण्यात हा देश जगात अगदी वरच्या क्रमांकात असतो.

तळ्याकाठी :
सॉनाबद्दल, म्हणजे येथील वाफेच्या स्नानघराबद्दल, आपण विचारले नाही, पण यूहान्नुसच्या संध्याकाळी तो विषय निघणारच. सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या या देशात अंदाजे ३० लाख सॉना आहेत, आणि २०२० साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या मुलाच्या टाम्पेरेतच १९०६ पासून चालू असलेला राजापोर्ती हा देशातील सर्वांत जुना सार्वजनिक सॉना आहे. घरच्या सॉनात पाहुण्यांसाठी सहसा स्त्रिया आणि पुरुष यांच्या पाळ्या वेगळ्या ठेवतात. आत विवस्त्र बसण्याची रीत असली, तरी पंचा गुंडाळून बसलात किंवा नम्रपणे नको म्हणालात तर कोणाला वाईट वाटत नाही. प्रथमच जात असाल तर खालच्या बाकावर बसा, कारण तापलेल्या दगडांवर पाणी ओतले की वाफ वर चढते आणि वरच्या बाकावर कान भाजल्यासारखे होतात. बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी हाती दिली तर तिने खांद्यावर, पाठीवर हलके झोडपून घ्यायचे असते. रक्तदाबाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. एरवी मितभाषी असलेली माणसे त्या अंधाऱ्या उबेत आपल्या आईच्या आजारपणाबद्दलही बोलतात. माझ्या ओळखी तेथेच घट्ट झाल्या.

औलूची_विद्यार्थिनी :
एस्पोकर यांचे म्हणणे मला बहुतांशी पटते, परंतु जूनमधील फिनलंड पाहून संपूर्ण देशाबद्दल मत बनवू नये असे मला वाटते. औलूत डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो, आणि त्याहून उत्तरेला उत्सयोकीत सूर्य जवळजवळ दोन महिने क्षितिजावर येतच नाही. त्या काळात हेच अबोलपण परक्या माणसाला फार जड जाते. भाषा येत नसेल तर मैत्री व्हायला वर्षे लागतात आणि नोकरी मिळणेही कठीण होते. आनंदी देशांच्या जागतिक अहवालात २०१८ पासून फिनलंड सतत पहिला आला, पण माझ्या फिनिश मैत्रिणींना त्या क्रमांकाचा संकोच वाटतो. त्या म्हणतात की येथे हसणे कमी आणि भरवसा जास्त आहे. तो भरवसा मी स्वतः अनुभवला. ग्रंथालयाच्या टेबलावर संगणक तसाच ठेवून जेवायला जाते आणि परत आल्यावर तो तेथेच असतो. तरीही एकटेपणाचा प्रश्न खरा आहे, आणि येथे शिकायला येऊ इच्छिणाऱ्यांनी तो आधीच ध्यानात घ्यावा.

वाटसरू :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. औलूचे वर्णन वाचून मुलाने हिवाळ्याबद्दल आम्हाला किती कमी सांगितले होते ते उमगले. त्याला आज विचारीन. आता एकच शंका : आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. यजमानांना आधी सांगणे अवघडल्यासारखे वाटते.

एस्पोकर :
अवश्य सांगा, आणि आजच सांगा. येथे आधी स्पष्ट सांगितलेले लोकांना आवडते. ताटात अन्न टाकलेले आवडत नाही. यूहान्नुसला मासे आणि भाजलेले सॉसेज असतातच, पण नवे बटाटे, लोणी आणि शेपू हा त्या जेवणाचा खरा मान आहे. सोबत राय या धान्याची पाव-भाकरी आणि स्ट्रॉबेरी मिळतील. भात भरलेल्या कारेलियन कचोऱ्यांवर उकडलेले अंडे कालवलेले लोणी लावतात, तेव्हा अंडे चालत नसेल तर तेही कळवा. आणि डासांचे मलम विसरू नका.