मदत हवी आहे : १९९२ ची एमएक्स-५, झिजलेले बुश आणि न निघणारा कॅम बोल्ट

माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.६ लिटर. चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर), आर्मच्या सांध्यातले रबरी बुश सगळे मूळचेच. ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू सरकल्यासारखी वाटते. पहार घालून पाहिलं तर आर्म सबफ्रेममध्ये (आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) स्पष्ट हलतो. चाक वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट ठीक वाटतात.

मागच्या खालच्या आर्मच्या कॅम बोल्टचा (जो फिरवून चाकाचा कोन जुळवतात) नट निघाला, पण बोल्ट निघत नाही. पान्याने फिरवला तर थोडा फिरतो आणि सोडला की परत येतो. गंज सोडवणारं तेल दोन दिवस मारतोय. आता काय करू? आणि नवे बुश रबरचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे?

प्रतिसाद १

परत येतो म्हणजे बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालाय. तुम्ही फिरवताय ते रबर. नळीची दोन्ही टोकं सबफ्रेमच्या कानांमध्ये (बोल्ट धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये) दाबलेली असतात, त्यामुळे तेल मधल्या भागापर्यंत पोचतच नाही. हातोड्याने ठोकू नका, आटे चेपतात आणि सबफ्रेमचे कान वाकतात. ज्योतही नको. रबर पेटतं, धूर विषारी असतो, जवळून ब्रेकची नळी जाते.

सरळ कापा. रेसिप्रोकेटिंग सॉला धातूचं पातळ पातं लावा आणि नळीचं टोक व सबफ्रेमचा कान यांच्या फटीतून, दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. कॅम ज्या उभ्या कडांमध्ये फिरतो त्या कडांना पातं लागता कामा नये. त्या गेल्या तर अलाइनमेंट (चाकांचे जुळवलेले कोन) टिकणार नाही. नवे कॅम बोल्ट, कॅम प्लेट आणि नट आधी हातात घ्या, मगच कापा. आर्मच्या हबकडच्या (चाक जिथे बसतं त्या) टोकाचा लांब बोल्टही असाच अडकतो, तोही त्याच यादीत धरा.

या गाडीत स्प्रिंग शॉकॲब्झॉर्बरवरच बसलेली असते, त्यामुळे आर्म सोडताना ती उसळत नाही. फक्त शॉकॲब्झॉर्बरचा वरचा मधला नट उघडू नका. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगा, त्याच्या होजवर लोंबकळू देऊ नका.

प्रतिसाद २

रबर की पॉली, यावर वाद घालण्याआधी बुश काम कसं करतो ते बघा. रबर बुशमध्ये आतली नळी, रबर आणि बाहेरचं कवच एकमेकांना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं, काहीच घसरत नाही. पॉलीमध्ये नळी बुशच्या आत घसरून फिरते. म्हणून त्याला किटमधलं ग्रीस लागतं, आणि ते सुकलं की करकर सुरू होते. डबल विशबोनचा आर्म एकाच अक्षावर फिरतो, त्यामुळे तुमच्या गाडीत पॉली अडकत नाही. रोजच्या रस्त्यावर मात्र हादरे जास्त जाणवतात. गाडी मुख्यतः रस्त्यावर चालत असेल तर माझं मत नव्या मूळ रबर बुशलाच.

पॉली घेतलात तर नळी बुशपेक्षा किंचित लांब आहे ना, ते पाहा. आखूड असेल तर बोल्ट आवळताच पॉलीच चेपतं आणि आर्म जड फिरतो. रबर बुशला खनिज तेलाचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

जुना बुश प्रेसने काढताना आर्मच्या दोन कानांमध्ये मापाचा पाइपचा तुकडा ठेवा. आर्म पत्र्याचा असतो, आधार नसेल तर कान आत दबतात. कवच हलत नसेल तर हॅकसॉच्या पात्याने आतून एक चीर पाडा, पण कवचापुरतीच. आर्मच्या भोकाला खाच पडली की नवा बुश घट्ट बसत नाही.

धागाकर्ता

रबरच घेतो. बसवताना बोल्ट लगेच पूर्ण टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळायचे का? गाडी स्टँडवर आहे, चाकं लटकलेली.

प्रतिसाद १

नाही! नव्या बुशची वाट लागते ती इथेच. लटकलेल्या अवस्थेत आवळलंत तर रबर त्या कोनात जखडतं, आणि गाडी खाली येताच ते कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं आणि गाडी थोडी उंचही बसते.

काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर असताना थोडी मागेपुढे ढकला आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. तुमची गाडी आधीच स्टँडवर आहे, तर जोडणी ढिली ठेवून ती एकदा चाकांवर उतरवा आणि आता मोजा. मग पुन्हा स्टँडवर घेऊन हबखाली जॅक लावा, तेच अंतर येईपर्यंत उचला आणि तिथे सर्व्हिस मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. जॅक लावताना गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

कॅम मधल्या खुणेवर ठेवा आणि तशीच सावकाश अलाइनमेंटला न्या. पुढच्या कॅमने कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), मागच्याने कॅम्बर आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) जुळतो, त्यामुळे चारही चाकांचं अलाइनमेंट करणारी जागाच बघा.

प्रतिसाद २

एक भर : नव्या बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला अँटीसीझ पेस्टचा (बोल्ट गंजून अडकू न देणारी) पातळ थर द्या. आट्यांना लावू नका, टॉर्कचा आकडा चुकतो.