तोतया सम्राट की औटघटकेचे सम्राट?

इ.स. ६९ च्या रोमबद्दल मराठीत लिहितोय. नीरोने जून ६८ मधे आत्महत्या केली आणि मग दीड वर्षात गाल्बा, ओथो, व्हिटेलियस, व्हेस्पासियन अशी रांगच लागली. पहिल्या तिघांना काय म्हणावं? एका ठिकाणी 'तोतया सम्राट' वाचलं, खटकलं. 'अल्पजीवी सम्राट' कसं वाटतं?

— तोतया नकोच. तोतया म्हणजे दुसऱ्याचं नाव सांगत आलेला, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा आला होता तसा. गाल्बा गाल्बा म्हणूनच आला आणि सिनेटने त्याला मान्यता पण दिली. गंमत म्हणजे खरा तोतया त्याच काळात ग्रीसकडे उगवला होता, मीच नीरो, मेलोच नाही म्हणायचा, चेहरा मिळताजुळता आणि वर तंतुवाद्य वाजवून गाता पण यायचं त्यामुळे लोकांना पटत गेलं, शेवटी किथनोस बेटापाशी मारला गेला. अल्पजीवी पण नको हो, गाल्बा सत्तरीचा होता! अल्पजीवी राजवट म्हणा, माणूस नको.

— औटघटकेचे सम्राट म्हणा की सरळ. औट म्हणजे साडेतीन, जुन्या लोकांनी औटकी पाठ केलेली असते बघा. घटका २४ मिनिटांची, म्हणजे हिशोबाने ८४ मिनिटं :) ओथोला तीन महिने मिळाले, १५ जानेवारी ते १६ एप्रिल, चालतंय.

— व्हिटेलियस आठ महिने होता, त्याला जरा ताणल्यासारखं होईल. शिवाय औटघटकेचा म्हटलं की थोडी टिंगल येते. ती खरी शोभते १९३ सालच्या दिदियस ज्युलियानसला, प्रिटोरियन गार्डांनी, म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षक सैनिकांनी, आधीच्या सम्राटाला मारून गादीचा चक्क लिलाव केला, याने माणशी २५ हजार सेस्टर्स (रोमन नाणी) बोली लावून ती घेतली आणि ६६ दिवसांत जीव गमावला. ओथो वेगळा, बेद्रियाकमच्या लढाईत हरल्यावर हाताशी अजून फौज होती तरी अजून माणसं मरायला नकोत म्हणून त्याने स्वतःला संपवलं. मी त्याला तरी टिंगलीचा शब्द लावणार नाही.

— पण त्याच ओथोने गार्डांना फितवून गाल्बाला भर फोरममधे, रोमच्या मुख्य चौकात, मारवलं ना! 'गादी बळकावणारा' लिहा.

— मग व्हेस्पासियनला काय लिहाल? त्यानेही सैन्याच्या जोरावरच घेतली, फरक एवढाच की तो दहा वर्षं टिकला.