टेबलावरचा टच नकाशा, हातवारे कुठले ठेवू? (बजेट २५ हजार)

कोथरूडची_मनी: सोसायटीत दिवाळीला किल्ल्यांचं प्रदर्शन असतं. यंदा घरातला ४३ इंची टीव्ही टेबलावर उताणा टाकून त्यावर किल्ल्यांचा नकाशा लावायचाय, पोरं चारी बाजूंनी हातानं सरकवतील, मोठा करतील. सेन्सर कुठला घेऊ?

पेठेतला_पंत: सरळ ६५ इंची टच पॅनल घ्या. मी क्लाससाठी घेतलं, दीड लाख गेले पण लोण्यासारखं चालतं.

कोथरूडची_मनी: काका, २५ हजार.

पेठेतला_पंत: पुढच्या वर्षी पण वापराल की!

झारा: टीव्हीच्या कडेनं इन्फ्रारेड किरणांची फ्रेम बसवा, बजेटात येईल. फक्त तिला बोट वगैरे कळत नाही, किरण अडला की टच. आमच्याकडे एक आजी वाचायला वाकल्या, पदर काचेला टेकला आणि तोरणा गायब.

टपरी_इंजिनियर: फ्रेम कशाला, वरून वेबकॅम टांगा. मीडियापाइप हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅमेऱ्यातून हाताचे २१ बिंदू देतं. मी केलंय. एकच झालं, काकू शेजारणीशी हातवारे करत बोलायला लागल्या आणि नकाशा नाचत सुटला.

बाणेरकर७: फ्रेमच घ्या. तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बघा.

झारा: तेच म्हणालो मी वर. आणि तापकीर गल्लीत गाडी कुठे लावणार ते पण सांगा.

बाणेरकर७: बसनं जा.

मितभाषी: सेन्सरचं नंतर बघा हो. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी २० साध्या माणसांना २७ कामांसाठी हातवारे सुचवायला लावले होते, त्यात किती बोटं लावली याकडे लोकांचं लक्षच नव्हतं. म्हणजे दोन बोटांनी हे, तीन बोटांनी ते असलं ठेवूच नका. आणि अख्खा नकाशा कुणालाच मोठा करू देऊ नका, एक जण राजगड बघतोय आणि समोरच्यानं चिमटा ताणला की मारामारी. प्रत्येकाला आपापलं भिंग द्या. कुणाचं बोट कुठलं हे फ्रेम सांगणार नाही, मित्सुबिशीच्या २००१ च्या डायमंडटच टेबलाला ते कळायचं पण त्यात टेबलातला सिग्नल माणसाच्या अंगातून त्याच्या खुर्चीत जायचा.

पेठेतला_पंत: माझ्या पॅनलला २० टच आहेत.

कोथरूडची_मनी: ठरलं, टच नकोच. किल्ल्यावरचे मातीचे मावळे घेतले, डोक्यावर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर छापील खूण, वरून जुना वेबकॅम. रिअ‍ॅक्टिव्हिजन हे खुणा ओळखणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, खुणेची जागा आणि दिशा दोन्ही देतं. मावळा सिंहगडावर ठेवला की माहिती उघडते, फिरवला की अक्षरं आपल्याकडे वळतात. काल भाच्याला दिलं, काही सांगावं लागलं नाही. खर्च ४०० रुपये.

टपरी_इंजिनियर: वेबकॅम मीच सांगितला होता.

बाणेरकर७: मावळे कुठून घेतले? आमच्या घोड्यांचे पाय दरवर्षी मोडकेच निघतात.