मदत हवी आहे: द्राक्षगर्भ, पी५७ निगेटिव्ह रिपोर्ट आणि दादाचा प्रश्न

नमस्कार मंडळी. इथे कुणी स्त्रीरोग, पॅथॉलॉजी किंवा जनुकशास्त्रातलं असेल तर कृपया वाचा.

वहिनीला पहिलीच खेप. अकराव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळ दिसलंच नाही, वारेच्या जागी द्राक्षांच्या घडासारखे फुगे. पिशवी साफ केली. बायोप्सीत ‘कम्प्लीट मोल, पी५७ निगेटिव्ह’ आलं, म्हणजे पूर्ण द्राक्षगर्भ, आणि पेशींत पी५७ हे प्रथिन सापडलं नाही. आत्या म्हणते, पपई खाल्ली म्हणून झालं. आणि ‘यात गुणसूत्रं सगळी वडिलांची असतात’ हे डॉक्टरांकडून ऐकल्यापासून दादा कुणाशी धड बोलत नाही.

मला समजलं ते असं. अशा बहुतेक केसेसमध्ये बीजांडातली आईची गुणसूत्रं हरवलेली असतात आणि एकाच शुक्राणूची २३ गुणसूत्रं दुप्पट होतात. आकडा ४६ भरतो, तरी बाळ घडत नाही, कारण काही जनुकांवर आईचा किंवा वडिलांचा ठसा असतो, म्हणजे कुणाकडून आलेली प्रत चालू राहणार हे ठरवणारी खूण. पी५७चं जनुक वाढीला लगाम घालतं, पण त्याची वडिलांकडची प्रत गप्प असते. आईची प्रतच नाही, म्हणून लगाम नाही. आयजीएफ२ हे वाढवणारं जनुक मात्र वडिलांच्या प्रतीवरून चालतं. १९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांच्या गटाला उंदरांत हेच दिसलं: फक्त वडिलांचे दोन संच दिले तर वारेच्या पेशी वाढतात, गर्भ खुरटतो, फक्त आईचे दिले तर गर्भ त्यामानाने बरा, वार जेमतेम.

म्हणजे दादाच्या शुक्राणूवरचे ठसे व्यवस्थितच होते, जोडीला आईचे नव्हते एवढंच. हे बरोबर आहे ना? त्याला मला हे खात्रीने सांगायचं आहे.

दुसरं, एनएलआरपी७ जनुकात दोष असलेल्या बायकांना वारंवार द्राक्षगर्भ होतो. तिथे गुणसूत्रं दोघांचीही असतात, पण बीजांडात आईचे ठसेच उमटत नाहीत, आणि पी५७ तिथेही निगेटिव्हच येतं. मग नुसत्या या रिपोर्टवरून ‘सगळं वडिलांचं’ म्हणता येतं का? डॉक्टर म्हणाले, पहिल्याच वेळी जनुकतपासणीची गरज नाही, पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. तुमचं मत?

उपचार सुचवू नका, ते नीट चालू आहेत. बुधवारी बीटा एचसीजीची (गरोदरपणातल्या संप्रेरकाची) रक्ततपासणी आहे, मी वहिनीसोबत जाणार आहे. यातून गेलेल्या कुणी ताईने आकडा शून्याच्या जवळ यायला किती आठवडे लागले ते लिहिलं, तर रांगेत बसल्या बसल्या तिला वाचून दाखवेन.