कुंडीतला आयरिस: काळी माती नको, कंद उघडा ठेवा
ताई, दाढीवाल्या आयरिसचा (खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखे केस असणारं फुलझाड) कंद पावसाळ्यात कुंडीतच सडला असं तुम्ही लिहिलंय, आणि वर एका दादांनी काळ्या मातीत आणखी खोल लावायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका. आपली कपाशीची काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत ती कित्येक दिवस वाफशावर येत नाही, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून मोकळी होत नाही. मी एक भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग बारीक मुरूम आणि ओंजळभर कुजलेलं शेणखत घेते. कंदाची पाठ वर उघडी दिसली पाहिजे, मुळं तेवढी दोन्ही बाजूंना पसरून मातीत. मृग लागला की कुंडी छपरीखाली, पण उजेडात ठेवा.

सडका कंद फेकू नका. पांढरा, टणक गर लागेपर्यंत कापा, सावलीत सुकू द्या, गंधकाची भुकटी लावा आणि मग लावा.

तरी खरं सांगते, या जातीला हिवाळ्यात कडक थंडी लागते. आपल्याकडे पानं येतील, फुलांची खात्री नाही. त्यापेक्षा आयरिस डोमेस्टिका लावा. पूर्वी तिला बेलमकांडा म्हणत, 2005 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आयरिसच्या गटात घेतलं. ऊन चांगलं सोसते. केशरी पाकळ्यांवर लाल ठिपके, फूल एकच दिवसाचं, सुकताना पिळलेल्या वातीसारखं होतं. मग बोंड उकलून काळंभोर चकचकीत बी दिसतं. त्यातलं थोडं पेरून बघाच. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र दुपारची सावली द्या.