सिंहस्थात हेलिकॉप्टर हवंच, पण कशासाठी?

कुणी तरी लिहिलंय की, नाशिकच्या सिंहस्थासाठी दोन एअर ॲम्ब्युलन्स (रुग्ण नेणारी हेलिकॉप्टर) ठेवल्या की जखमी थेट मुंबईला, प्रश्न मिटला. हेलिकॉप्टर हवंच, पण चेंगराचेंगरीत त्याचा उपयोग वेगळा आहे.

२००३ची काळाराम मंदिराजवळची दुर्घटना आठवा. गर्दीत छाती दाबली जाऊन माणूस गुदमरतो, तो काही मिनिटांत जातो. त्याला तिथल्या तिथे ऑक्सिजन आणि सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) हवा. हेलिकॉप्टर येईस्तोवर तो थांबत नाही. शिवाय एका फेरीत जेमतेम एक-दोन रुग्ण. मग जखमी चाळीस असतील तर?

खरा फायदा दोन ठिकाणी. एक, रस्ते माणसांनी तुंबलेले असताना डॉक्टरांची टीम आणणं. दुसरा, गंभीर पण स्थिर रुग्ण लांबच्या रुग्णालयांत पांगवणं, म्हणजे सिव्हिलवर (जिल्हा रुग्णालयावर) सगळा लोंढा येत नाही.

आणि उतरवणार कुठे? रामकुंडाच्या आसपास तर नाहीच. पंख्यांच्या वाऱ्याने ताडपत्र्या, पत्रे, मंडपाचे बांबू उडतात. त्या आवाजाने गर्दी पुन्हा पळाली तर दुसरी दुर्घटना व्हायची. तपोवनाच्या बाजूला कुंपण घातलेली, पाणी मारून धूळ बसवलेली जागा आधीच राखून ठेवायला हवी. त्र्यंबकला तर श्रावणात ब्रह्मगिरी दिवसदिवस ढगात असतो, तिथे उड्डाणाचा भरवसा धरू नका.

नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा आहे. त्यांना बरोबर घेऊन पर्वणीआधी (मुख्य स्नानाच्या दिवसाआधी) एक पूर्ण रंगीत तालीम व्हावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.